कुणाच्या पोटी, कुठल्या साली

१८७५ सालच्या उन्हाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावची काही मुलं बडोद्याला नेण्यात आली. आदल्या महिन्यातच इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून उतरवलं होतं. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष कालवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते, त्यांचं काही एकमत होईना. मग गैरकारभाराचं कारण पुढे करून मल्हाररावांना मद्रासला धाडलं गेलं. गादी रिकामी पडली. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि गायकवाडांच्या लांबच्या भाऊबंदांत मुलाचा शोध सुरू झाला. कवळाण्याचे गायकवाड त्याच कुळातले, पण शेती कसून पोट भरणारे.

मुलांना विचारण्यात आलं, इथं कशासाठी आलात? बाकीची मुलं गांगरली. बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. अशी आठवण सांगतात आणि ती सांगणाऱ्याचा सूर नेहमी ‘पाहा, पोरगं कसं हुशार’ असाच असतो. हुशार होतंच. पण हा प्रश्न गायकवाड आडनावाच्या मोजक्या पोरांच्याच कानी पडणार होता. कवळाण्याच्या दुसऱ्या कुठल्या घरात याहून चलाख पोरगा गुरं वळत असला, तरी त्याला हा प्रश्न विचारायला कोणी येणार नव्हतं. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि तोवर अक्षरओळखही नसलेला गोपाळ सयाजीराव गायकवाड झाला.

हा योग जुळून यायला काय काय घडावं लागलं, ते बघण्यासारखं आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी, १८४८ साली, डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताऱ्याची गादी खालसा केली होती. नागपूर आणि झाशीची तीच गत झाली. १८५७च्या उठावाने कंपनी सरकार गेलं, दत्तकाबद्दलचं धोरण बदललं, म्हणून जमनाबाईंना परवानगी मिळू शकली. मल्हाररावांनी कारभार जरा नीट केला असता, तर गादी रिकामीच झाली नसती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १८७० साली खंडेराव वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर तोच महाराज. पुढच्या वर्षी त्या बाळंत झाल्या, मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली.

मुलगी झाली, हा निव्वळ योगायोग. मुलगी झाली म्हणून गादी गेली, हा मात्र योगायोग नव्हे. तो माणसांनी केलेला नियम. नशिबाबद्दल बोलताना आपण या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. जन्म कुणाच्या पोटी व्हावा, कुठल्या साली व्हावा, हे कुणाच्याच हातात नसतं, कबूल. पण त्या जन्माला काय मिळणार आणि काय नाकारलं जाणार, हे बहुतेक वेळा आधीच कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. हे ठरवणारे जुने झाले, त्यांची नावं विसरली गेली, की त्या निर्णयालाच आपण दैव म्हणू लागतो.

सयाजीरावांची निवड झाली त्यानंतर सोळा वर्षांनी, १४ एप्रिल १८९१ रोजी, महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी चौदावं मूल जन्माला आलं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. जात महार. त्या काळी या दोन गोष्टी मिळून माणसाचं आयुष्य जन्मतःच जवळपास ठरून जाई. पण रामजी पलटणीत होते, आणि इंग्रजांच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवायची सोय होती. रामजी स्वतः तिथे शिकले, एवढंच नव्हे तर लष्करी शाळेत शिक्षक झाले. घरात पुस्तक होतं, इंग्रजी होतं, पाठांतर होतं. गावकुसाबाहेरच्या घरांत त्या वेळी हे दुर्मीळ होतं.

आता साल बघा. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्रजांनी महारांची लष्करभरती थांबवली. ‘लढाऊ जमाती’ नावाचं एक खूळ तेव्हा इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरलं होतं, त्यात महार बसत नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्जविनंत्या करून पाहिल्या, उपयोग झाला नाही. दार पुन्हा उघडलं ते पहिल्या महायुद्धात, माणसं कमी पडू लागल्यावर. म्हणजे रामजी पंचवीस वर्षं उशिरा जन्मले असते, तर ना पलटण, ना शाळा, ना सुभेदारी. मुलगा तितकाच बुद्धिमान निपजला असता, पण ती बुद्धी कुणाला कळलीच नसती.

पुढची साखळी अनेकांना ठाऊक आहे, तरी तिच्या एकेका कडीवर थोडं थांबायला हवं. साताऱ्याच्या शाळेत रामजींच्या या मुलाला, भीमराव आंबेडकराला, घरून नेलेल्या गोणपाटावर, बाकीच्या मुलांपासून लांब बसावं लागे. पुढे कुटुंब मुंबईला आलं, एल्फिन्स्टन हायस्कुलात नाव घातलं. रामजींची पेन्शन तुटपुंजी, दोन मुलांना इंग्रजी शाळेत ठेवणं झेपेना. तेव्हा थोरल्या आनंदरावाची शाळा सुटली आणि तो नोकरीला लागला. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. चार रुपये मागत. मुलीकडे तेही नसले तर तिचा एखादा दागिना मागून गहाण टाकत, पुस्तक आणत, पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत.

ही दागिन्याची गोष्ट वडिलांच्या मायेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण याच घरात, याच बापाच्या पोटी, त्याच रक्ताची आणखी मुलं होती. बहिणींची लग्नं झाली. थोरला भाऊ कामाला लागला. शिकता आलं ते एकालाच. जन्माचा योग म्हणतात तो दोन घरांमध्येच फरक करतो असं नाही, एका घरातल्या भावंडांमध्येही करतो. आणि तिथे तो ‘मुलगी’, ‘थोरला’, ‘धाकटा’ अशा अगदी साध्या शब्दांत बोलतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या घरातही हेच झालं. वडील गेल्यावर थोरल्या गोविंदरावांनी शिक्षण सोडलं, पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले. गोखल्यांचं नाव रस्त्यांना, संस्थांना मिळालं. गोविंदरावांचा पगार किती होता, एवढंच चरित्रकारांना सांगावंसं वाटतं.

भीमराव संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. रोज पुस्तकात डोकं खुपसून बसलेला हा मुलगा कोण, अशी त्यांनी चौकशी केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. कॉलेजची फी परवडेना, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. भेट झाली. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली, वडील वारल्यानंतर काही महिन्यांत, बडोदा संस्थानने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. अट एकच: परत येऊन दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची.

म्हणजे कवळाण्याचा एक मुलगा आडनावामुळे महाराज झाला आणि त्याने दिलेल्या पैशावर आंबडव्याच्या मूळचा एक मुलगा कोलंबियाला गेला. याला कुणी विधिलिखित म्हणेल. मला त्यात माणसांनी घेतलेले निर्णय दिसतात. पलटणीत शाळा ठेवायची, असं कुणीतरी ठरवलं होतं. बागेतल्या मुलाशी बोलायचं, हे केळुसकरांनी ठरवलं. खजिन्यातला पैसा अस्पृश्य विद्यार्थ्यावर खर्च करायचा, हे सयाजीरावांनी ठरवलं. आणि महारांना फौजेत घ्यायचं नाही, साताऱ्यातल्या त्या मुलाने गोणपाटावर बसायचं, हेही माणसांनीच ठरवलं होतं.

इथे एक खबरदारी. शिष्यवृत्त्या इतरांनाही मिळाल्या, आणि त्यातला प्रत्येक जण आंबेडकर झाला नाही. पदवी, कायदा, अर्थशास्त्र, महाडचं तळं आणि घटना, हे साडेअकरा पौंडांत येत नाही. शिवाय १९१७ साली परत येऊन ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत आणि राहायला खोली मिळेना; पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. महाराजांचा वरदहस्तही गावाच्या रिवाजापुढे थिटा पडला. कर्तृत्व आणि दैव यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालायची आपल्याला खोड आहे. अमुक टक्के मेहनत, तमुक टक्के नशीब, असं व्याख्यानांत ऐकायला बरं वाटतं, पण तो हिशेब मुळातच लागत नाही. मेहनतीला आधी जागा लागते, आणि ती जागा दुसऱ्याने करून दिलेली असते.

यशाच्या गोष्टीत ही जागा दिसत नाही, याला कारण आहे. सायकलवरून वाऱ्याच्या तोंडाला जाणाऱ्याला वारा क्षणाक्षणाला जाणवतो. वळण घेऊन तोच वारा पाठीशी आला की दोन मिनिटांत त्याचा विसर पडतो. थॉमस गिलोविच आणि शाय डेव्हिडाई या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली हेच प्रयोगांनी दाखवलं: आपल्याला आलेल्या अडचणी माणसाला चटकन आठवतात, मिळालेली मदत सावकाश. यात खोटेपणा नसतो. सत्कारमूर्ती जेव्हा कंदिलाखालच्या अभ्यासाबद्दल सांगतात, तेव्हा कंदील खरा असतो. फक्त तो कंदील पुसून, घासलेट भरून ठेवणारी बहीण भाषणात येत नाही.

जन्मसालाचं महत्त्व कळायला क्रिकेटएवढी उघड जागा दुसरी नाही, कारण तिथे सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. पद्माकर शिवलकर. डावखुरे फिरकी गोलंदाज, मुंबईचे, जन्म सप्टेंबर १९४०. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी वीसच्या आत. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. कसोटी सामने किती? एकही नाही. त्यांच्यासारखीच गोलंदाजी करणारे हरियाणाचे राजिंदर गोयल. रणजीत ६३७ बळी, तो विक्रम आजही उभा आहे. कसोटी शून्य.

कारण एकच होतं, आणि त्याला कुणी खलनायक म्हणू शकत नाही. १९६६च्या डिसेंबरात बिशनसिंग बेदी कसोटी संघात आले आणि १९७९पर्यंत राहिले. ६७ कसोट्या, २६६ बळी. एका संघात दोन डावखुरे फिरकीवाले सहसा खेळवत नाहीत. शिवलकरांच्या उमेदीची सगळी वर्षं नेमकी या तेरा वर्षांत अडकली. १९७४ साली एकदा फट पडली. शिस्तभंगाचा ठपका ठेवून बेदींना वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीतून वगळलं आणि गोयल यांना बोलावणं आलं. सामन्याच्या सकाळी अकरा जणांत त्यांचं नाव नव्हतं. निवडीत दोन ऑफस्पिनर आले, प्रसन्ना आणि वेंकटराघवन. पुढच्या कसोटीला बेदी परत आले. बेदींचं पर्व संपलं तेव्हा संधी मिळाली ती दिलीप दोशींना. तेही बरीच वर्षं ताटकळले होते, पण ते १९४७चे. बत्तिसाव्या वर्षी पदार्पण करून त्यांनी ३३ कसोट्यांत ११४ बळी घेतले. शिवलकर तेव्हा एकोणचाळिशीत होते.

दोशी शिवलकरांहून सरस होते का, ते शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अजूनही ठरायचंय. सात वर्षं उशिरा जन्मले होते, एवढं नक्की. शिवलकर गात उत्तम, स्वभावाने शांत. कडवटपणा त्यांच्या बोलण्यात कधी नसे. २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना आणि गोयल यांना एकदमच सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. दोघांनी जिच्यासाठी जन्म घालवला ती कसोटीची टोपी मात्र पुरस्कारात नसते.

स्पर्धेत माणसं वाढली की नशिबाचा वाटा कमी होतो, असं आपल्याला वाटतं: इतक्या लाखांतून वर आला म्हणजे गुणवत्ता असणारच. गुणवत्ता असतेच. पण गणित उलट जातं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी संगणकावर एक लुटुपुटूची स्पर्धा घेऊन पाहिली. एक लाख स्पर्धक, निकालात ९८ टक्के वाटा गुणांचा आणि फक्त दोन टक्के नशिबाचा. अशा स्पर्धा पुन्हा पुन्हा घेतल्यावर दिसलं की चारांपैकी तीनपेक्षा जास्त वेळा जिंकणारा हा सर्वांत गुणवान स्पर्धक नसतोच. कारण सोपं आहे. लाखात अत्यंत गुणवान असे शेकडो असतात, त्यांच्यात फरक केसाएवढा. मग ज्याच्या पारड्यात ते दोन टक्के पडले तो पुढे.

फ्रँक यांनी हे गणित अमेरिकेत बसून मांडलं, पण ते पडताळायला पुण्याच्या सदाशिव पेठेत यावं. पेरूगेटापासून शास्त्री रोडपर्यंतच्या अभ्यासिकांत सकाळी सातला जागा धरून बसणारी मुलं-मुली, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पिशवी, टेबलावर लक्ष्मीकांत यांचं जाडजूड ‘इंडियन पॉलिटी’, दुपारी मेसचा डबा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा असतात हजाराच्या आसपास. एकूण गुण २०२५, त्यांतले २७५ मुलाखतीचे. शेवटच्या यादीत आत आणि बाहेर असण्यातला फरक कित्येकदा एका-दोन गुणांचा असतो. मुलाखतीला कुठलं बोर्ड वाट्याला आलं, याची चर्चा या गल्ल्यांमध्ये चहाच्या प्रत्येक टपरीवर चालते, आणि ती निरर्थक नसते. दोन गुणांनी आत आलेल्याचं ‘मी कसा घडलो’ यावर व्याख्यान ठेवतात. दोन गुणांनी राहिलेला पुढच्या वर्षीचा अर्ज भरतो. २०२० साली ज्यांची शेवटची संधी होती त्यांनी ती परीक्षा कोविडच्या धास्तीत दिली. आणखी एक संधी मिळावी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. एक वर्ष मागे-पुढे जन्मलेल्यांना हा प्रश्नच आला नाही.

सालाचं सोडा, महिन्याने आणि तारखेनेही फरक पडतो. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की परग्रहावरून कुणी आला तर त्याला वाटेल, मराठी आया ठरवून त्याच दिवशी बाळंत होतात. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसे, मास्तर एक जून ठोकून देत. हे मास्तर नकळत मोठंच काम करत होते: कागदावर का होईना, तारखेचा फरकच पुसून टाकत होते. तो फरक काय करतो, ते पाहा. १९८०च्या दशकात कॅनडात लेथब्रिज गावी आइस हॉकीचा सामना बघायला रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ बायकोसह गेले होते. बायको हातातलं माहितीपत्रक चाळत होती. तिच्या ध्यानात आलं की खेळाडूंच्या जन्मतारखांत जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची नुसती रेलचेल आहे. बार्न्सली घरी जाऊन याद्या घेऊन बसले. वरच्या पातळीच्या कनिष्ठ खेळाडूंत साधारण चाळीस टक्के वर्षाच्या पहिल्या तिमाहीतले निघाले, शेवटच्या तिमाहीतले जेमतेम दहा टक्के. कॅनडात वयोगट ठरतो एक जानेवारीला. नऊ वर्षांच्या मुलांत जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, अंगाने भरलेला. प्रशिक्षकाचा डोळा त्याच्यावर जातो, त्याला जास्त सराव, चांगला संघ, चांगला गुरू मिळतो. बाराव्या-तेराव्या वर्षी तो खरोखरच जास्त चांगला खेळू लागतो. तारखेने दिलेली आघाडी आता कौशल्य झालेली असते, आणि तिला कुणी तारीख म्हणत नाही. इथेही तारीख योगायोगाची, पण एक जानेवारीची रेघ मारली ती संघटनेने. वयोगटांसाठी वर्षात दोन रेघा मारल्या तरी चित्र बदलेल. भारतात आपण वेगळा उपाय काढला: वय चोरायचं. म्हणून तर क्रिकेट मंडळाला सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढावे लागतात.

देशाचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो भयंकर सरळ आहे. जगातल्या माणसामाणसांच्या उत्पन्नातला फरक कशाने पडतो, हे ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने मोजलं. अर्ध्याहून अधिक फरक निव्वळ ‘कुठल्या देशात’ या एका गोष्टीने उलगडतो. मेहनत, हुशारी, शिक्षण, लिंग, जात, बाजारातले चढउतार, हे सगळं उरलेल्यात.

पावसाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. इंडोनेशियात १९५३ ते १९७४ या काळात खेड्यांत जन्मलेल्या लोकांची माहिती आणि त्यांच्या जन्मवर्षाचं पर्जन्यमान शॅरन मॅकिनी आणि डीन यांग या दोघा अभ्यासकांनी ताडून पाहिलं. आपल्या भागात नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त पाऊस झालेल्या वर्षी जन्मलेल्या मुली मोठेपणी सरासरी अर्ध्या सेंटिमीटरहून थोड्या जास्त उंच होत्या, जरा जास्त शिकल्या होत्या, त्यांच्या घरात सामानसुमानही जास्त होतं. मुलांमध्ये असा फरक सापडला नाही. पाऊस तर दोघांवर सारखाच पडला होता. पीक बुडाल्यावर घरात कुणाच्या ताटात आधी कमी वाढलं गेलं असेल, याचा अंदाज करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आभाळाने दुष्काळ दिला, वाढप मात्र घरात ठरलं.

१९७२चा दुष्काळ पाहिलेली मराठी घरं हे वाचून गप्प होतील. खडी फोडणारे हात, सुकडीचं वाटप, मिलो ज्वारी. त्या वर्षी मराठवाड्यात जन्मलेल्या मुलींची उंची मोजायला कुणी आलं नाही. पण त्या दुष्काळात एक गोष्ट झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच तासगाव भागात एक कल्पना करून पाहिली होती: काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, मजुरी रोख. दुष्काळी कामांवर लाखो माणसं आली तेव्हा त्या कल्पनेला बळ मिळालं. योजनेचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पैसा यायचा तो मुख्यतः शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये औसा किंवा माणच्या बांधावर पोहोचत. कारकून कुरकुरला असेल, पण दुष्काळी गावात जन्मलेल्याचं नशीब कोरड्या आभाळावर कमी आणि तहसील कचेरीतल्या मस्टरवर जास्त अवलंबून राहू लागलं. मस्टरवर खोटी नावं चढली, मजुरी थकली, मुकादमांनी पैसे खाल्ले; हे सगळं झालं. तरीही भांडायला एक खिडकी होती. पावसाशी भांडता येत नाही. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तो याच वाटेने.

सयाजीरावांना आपल्या नशिबाची आठवण होती की काय कोण जाणे, पण बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर राहिलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू झालं. कोल्हापूरचे शाहू महाराजही कागलच्या घाटग्यांचे, दत्तक आलेले. त्यांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. दोघेही दत्तक होते म्हणून असं झालं, असा सिद्धांत मांडायचा मोह होतो. पण दत्तक आलेले आणि शिकारीपलीकडे काही न केलेले राजे हिंदुस्थानात पुष्कळ होऊन गेले. गोखल्यांनी बडोद्याचाच दाखला देत १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधात मत देणाऱ्यांत हिंदी सभासदही होते. अमरेलीची गोष्ट सबंध देशाच्या कायद्यात यायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं.

त्या शिक्षणहक्क कायद्यात खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत काढतात, संगणकावर. आई-बाप सायबर कॅफेत बसून अर्ज भरतात. नकाशावर घराच्या जागी लाल खूण टोचायची असते. ती गल्ली चुकून पलीकडे पडली तर शाळा एका किलोमीटरच्या बाहेर जाते आणि प्राधान्य जातं. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला. मग मोबाइलवर संदेश यायची वाट.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेपासून एका किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट मिळाली. शहरांत अशी शाळा नसलेला किलोमीटर सापडणं अवघड, म्हणजे बहुतेक जागा गेल्याच. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली, जुन्या नियमाने पुन्हा अर्ज मागवले गेले, आणि १९ जुलैला न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. निवड यादी त्यानंतर लागली. शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झाल्या होत्या. ज्यांचं नाव निघालं, ती मुलं पहिलीच्या वर्गात महिनाभराने जाऊन बसली. ज्यांचं प्रतीक्षा यादीत होतं, त्यांतल्या बऱ्याच आई-बापांनी तोवर जवळच्या पालिका शाळेत नाव घालून टाकलं होतं.